मागच्या बाकावरचा माणूस

संक्रांत सरली की हदगाव परिसरातील काळ्या रानांच्या वाटा पुन्हा चालत्या होतात. पावसाळ्यात याच वाटांवर पाऊल टाकणे अवघड असते. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि चाकाला अशी धरते की बैलही हतबल होतात. थंडीत ती सुकते, भेगाळते आणि ओल्या दिवसांत ट्रॅक्टरांनी व बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या कठीण होऊन बसतात. म्हणजे ज्या दिवसांत वाट गाडीला सोपी होते, नेमक्या त्याच दिवसांत ती पाठीला अवघड होते. हे वाक्य आज मी सहज लिहितो आहे. ते समजण्यासाठी मात्र एका मित्राच्या पाठीला किंमत मोजावी लागली.

आम्ही पाच शाळासोबती. पंचावन्नी ओलांडलेले. एक तामशाजवळ शेती करतो, एकाचे सुट्या भागांचे दुकान आहे, एक बँकेतून निवृत्त झाला, एक शिक्षक होता आणि मी गेली तीस वर्षे रुग्ण तपासतो आहे. वर्षातून एक रविवार आम्ही स्वतःसाठी राखून ठेवतो. त्या दिवशी दोन गाड्या घ्यायच्या, डांबरी रस्ता सोडायचा आणि पैनगंगेच्या बाजूने रानवाटा तुडवत सहस्रकुंडापर्यंत जायचे, असा आमचा परिपाठ. इंग्रजीत ज्याला ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात आणि ज्यासाठी शहरांतील माणसे हल्ली शुल्क भरून मैदाने गाठतात, ते आमच्याकडे पाणंदीत, गाडीवाटेत आणि शिवरस्त्यात आपोआप घडते.

तसे पाहिले तर डांबराशिवाय चालणे हे आपल्या भागाला नवे नाही. १९४१ साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेली जीप स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ मध्ये, महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. पुढील काही दशकांत ती सरकारी कचेरी, निवडणूक, साखर कारखाना आणि दवाखाना या सर्वांची गाडी झाली. आडगावातील अडलेली बाळंतीण तालुक्याला आणायची, तर बैलगाडी किंवा जीप हेच दोन पर्याय होते. आज हाक मारताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, म्हणून त्या दिवसांची आठवण पुसट झाली आहे. पण आमच्या पिढीच्या मनात जीप म्हणजे अजूनही संकटात धावून येणारी गाडी. तिच्यात बसल्यावर पन्नाशीतल्या माणसालाही आपण विशीत असल्याचा भास होतो. आजच्या लेखाचा विषय हा भासच आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. नांदेड जिल्ह्यातील किनवट, माहूर, हिमायतनगर आणि हदगावचा काही भाग अजून हिरवा आहे. साग, धावडा, तेंदू, मोह, पळस यांची पानगळीची राने आहेत आणि नदीपलीकडे पैनगंगा अभयारण्य पसरलेले आहे. अभयारण्य ही गाडी खेळवण्याची जागा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही आणि परवानगी मिळाली तरी ठरलेल्या वाटेवरूनच जावे लागते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाडीत बसलेल्या माणसाला बाहेरच्या जिवाची घालमेल दिसत नाही, हे त्या प्रसंगाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. गाडीच्या आतल्या जिवाची घालमेलही तितकीच दिसेनाशी होते, हे मला आमच्या गाडीने दाखवले. आमच्या वाटा म्हणाल, तर त्या गावांच्या शिवांमधून, रानाच्या कडेकडेने जाणाऱ्या सार्वजनिक वाटा होत्या.

त्या रविवारी पहाटे निघालो. शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, धपाटे, दही, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि सोलाण्याची भाजी. पुढची गाडी बँकेतल्या मित्राच्या मुलाची, नवीकोरी, चारही चाकांना जोर मिळणारी. मागची आमच्या शेतकरी मित्राची जुनी जीप. तिच्या मागच्या भागात समोरासमोर दोन आडवे बाक, वर कापडी छत, आणि बाकांना पट्टे नाहीत. त्या जीपचे चाक मी आग्रहाने मागून घेतले. तीस वर्षे खुर्चीत बसून माणसे तपासल्यावर हातात चाक आल्याचा आनंद काय सांगावा! माझ्या शेजारी शेतकरी मित्र बसला. मागे एका बाजूला शिदोरी, पाण्याचे कॅन, दोरखंड आणि जॅक, आणि दुसऱ्या बाजूला आमचा शिक्षक मित्र. आम्ही सारे त्याला गुरुजीच म्हणतो.

तामसा मागे टाकल्यावर डांबर सोडले. पहिला तासभर सगळे सुरेख होते. पानगळ सुरू झालेल्या सागाची मोठाली पाने चाकांखाली करकरत होती. हरभऱ्याच्या रानातून एक रोही मान वर करून आमच्याकडे पाहत उभा राहिला आणि मग सावकाश निघून गेला. एका नाल्यात उतरण्यापूर्वी शेतकरी मित्राने मला गाडी थांबवायला लावली, स्वतः खाली उतरला, काठीने तळ चाचपला आणि मगच हाताने खूण केली. रानवाटेवर गाडी हाकण्याचा हा पहिला नियम आहे: जिथे चाक जाणार, तिथे आधी पाऊल जाते. दुसरा नियमही त्यानेच सांगितला. चाक धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, कडेवर बाहेर ठेवायचे. पुढचे चाक दगडावर आपटले की जुन्या गाडीचे सुकाणू झटक्यात फिरते आणि त्याच्या आऱ्यात अडकलेला अंगठा मोडू शकतो. मी दोन्ही नियम मन लावून पाळले. तिसरा नियम आम्हां कोणालाच ठाऊक नव्हता.

दुसऱ्या तासात वाट कठीण झाली. वाळलेल्या चाकोऱ्या, त्यांत उघडे पडलेले गोटे. पुढच्या गाडीने बरेच अंतर टाकले होते आणि तिची धूळ दिसली की मी जोर वाढवत होतो. मागे डबे आदळत होते. एकदोनदा मी आरशात पाहिले आणि ओरडून विचारले, “गुरुजी, बरं आहे ना?”

“काही नाही रे, चाल तू,” असे उत्तर आले.

सहस्रकुंडाला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पावसाळ्यात येथे पैनगंगा अनेक धारांनी कोसळते आणि तिचा आवाज दुरून ऐकू येतो. जानेवारीत धारा बारीक होतात आणि नदीने घासून गुळगुळीत केलेला काळा खडक उघडा पडतो. आम्ही चौघे खाली उतरून त्या खडकाकडे चालू लागलो. दहा-वीस पावलांवर लक्षात आले, की गुरुजी सोबत नाही. परत वळून पाहिले, तर तो जीपच्या मागच्या फळीवर दोन्ही हात टेकून बसलेला, चेहऱ्यावर घाम, एक पाय खाली सोडलेला आणि दुसरा उचलता येत नसलेला.

त्याला हळूहळू सतरंजीवर कुशीवर निजवले आणि मित्राचा मी पुन्हा डॉक्टर झालो. कमरेतून निघालेली कळ उजव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरत होती आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या येत होत्या. टाचेवर आणि चवड्यावर जोर देता येतो का, दोन्ही पायांची ताकद सारखी आहे का, मांड्यांच्या आतल्या भागातली व गुदद्वाराभोवतीची जाणीव शाबूत आहे का, लघवी सुटली आहे का, हे एकेक पाहिले. यांतील शेवटचे दोन प्रश्न विचारताना मित्र म्हणून संकोच वाटतो, पण ते विचारलेच पाहिजेत. बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पायातली ताकद झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही आढळले तर ती मज्जातंतूंच्या गुच्छावर दाब आल्याची खूण असते आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. सुदैवाने तसे काही नव्हते. पुढच्या गाडीतील पुढची बैठक थोडी मागे कलती करून, कमरेमागे घडी घातलेली शाल देऊन, पट्टा बांधून आम्ही त्याला डांबरी रस्त्याने नांदेडला नेले. तपासणीत कमरेच्या मणक्यांमधील एक गादी सरकून शिरेवर टेकल्याचे दिसले. शस्त्रक्रिया लागली नाही. बहुतेकांना ती लागतही नाही. थोडे दिवस वेदनाशामके, मग झेपेल तितके चालणे आणि शिकवलेले व्यायाम, अशा उपचारांनी काही आठवड्यांत तो सावरला. पूर्वी अशा रुग्णाला महिनाभर खाटेवर निजवून ठेवत. आता तसे करत नाहीत, कारण फार दिवस पडून राहिल्याने पाठीचे स्नायू दुबळे होतात.

वैद्यकीय प्रकरण येथे संपले. माझ्यापुरते ते संपले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “भाऊजी, दिवाळीपासून यांचा पाय दुखतोय. घरात बोलत नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही तर डॉक्टर. निघताना एकदा विचारायचं तरी.”

मी विचारले होते, असे म्हणणार होतो. पण धावत्या गाडीत, पुढे पाहत, ओरडून टाकलेल्या प्रश्नाला विचारणे म्हणत नाहीत. त्या प्रश्नात उत्तर आधीच बसवलेले होते: ‘बरं आहे ना?’ दवाखान्यात मी कोणत्याही रुग्णाला असे विचारत नाही. तिथे मी म्हणतो, ‘कुठं दुखतंय ते बोटानं दाखवा.’

वाचकहो, एकाच गाडीतून, एकाच वाटेने, एकाच वेगाने गेलेल्या तीन माणसांपैकी मला चढलेला उत्साह आणि त्याला झालेली इजा, यांचा मेळ कसा बसतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

गाडी खडबडीत वाटेवर चालते तेव्हा ती केवळ वरखाली होत नाही, तर पुढे-मागे झोक्यासारखी डोलते. झोक्याच्या मध्याशी बसणाऱ्याला हेलकावा कमी, टोकाशी बसणाऱ्याला अधिक. चालक आणि त्याच्या शेजारचा हे पुढच्या व मागच्या ॲक्सलच्या मध्ये बसतात. जुन्या जीपचा मागचा बाक मात्र थेट मागच्या ॲक्सलवर असतो. शिवाय ते बाक आडवे. शरीर वाटेला काटकोनात बसलेले असते, त्यामुळे प्रत्येक धक्का कणा दाबतो आणि त्याला पीळही देतो. टेकायला पाठ नाही, धरायला जागा नाही, बांधायला पट्टा नाही.

त्याहून मोठा फरक डोळ्यांचा आहे. चालकाला खड्डा दिसतो. चाक त्यात उतरण्याच्या क्षणभर आधी त्याच्या पोटाचे व पाठीचे स्नायू आपोआप आवळले जातात, हात चाकावर घट्ट होतात, पाय टेकले जातात. कण्याला स्नायूंचे कवच मिळते. मागे बसलेल्याला खड्डा दिसत नाही. त्याचे स्नायू सैल असतात आणि धक्का थेट मणक्यांवर येतो. मुलांना मागच्या बाकावर मळमळते, त्याचेही मूळ येथेच आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव ‘हालतो आहोस’ असे सांगतो, डोळ्यांसमोर मात्र स्थिर बाक असतो आणि मेंदूला या दोन बातम्यांचा मेळ घालता येत नाही. मोटार हाकणाऱ्याला मोटार लागल्याचे क्वचितच ऐकू येते, ते याचमुळे.

तिसरी बाब कंपनांची. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या वाहनांची कंपने बहुतांशी याच टापूत असतात. ती तासन्‌तास सोसली की कण्याला धरून ठेवणारे स्नायू थकतात आणि गाद्यांवरचा भार वाढतो. म्हणूनच लांबच्या खडतर प्रवासानंतर गाडीतून उतरल्या-उतरल्या वाकून जॅक, पाण्याचा कॅन किंवा सुटे चाक उचलू नये. पाच-दहा मिनिटे चालावे, अंग मोकळे करावे, मग ओझ्याला हात लावावा. ‘गाडीतून उतरलो, टायर उचलला आणि चमक भरली,’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि दर वेळी रुग्ण दोष टायरला देतो.

हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क बायांची गोष्ट तर आणखी नाजूक. बसच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या व्यक्ती गतिरोधकावर उसळून खाली आदळल्या आणि त्यांचे मणके दबले, अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. आपल्या घरांत प्रवासाला निघताना पुढची जागा कोणाला मिळते, ते आठवून पाहा. घरातील कर्ता पुरुष चालवतो, त्याच्या शेजारी भावोजी किंवा पाहुणा, मधल्या बाकावर सुना-मुले आणि अगदी मागे, सामानाला टेकून, आजी. जिच्या कण्यात सर्वांत कमी बळ, तिला सर्वांत जास्त धक्के. आणि ती बोलणार नाही, कारण मुलांच्या आनंदात विघ्न आणणे तिच्या स्वभावात नाही.

गुरुजी का बोलला नाही, याचेही उत्तर निराळे नाही. नंतर त्यानेच ते सांगितले. “तुम्ही एवढे खुशीत होता, आणि मीच एकटा म्हातारा झालो असं का दाखवू?” पन्नाशीपुढील पुरुषांच्या मैत्रीतला हा जुना आजार आहे. शाळेत एकमेकांची टोपी उडवणारी माणसे साठीजवळ आली तरी एकमेकांसमोर दुखणे कबूल करत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या लपवून घेतात, छातीवरचा दाब ‘वायू’ म्हणून टाळतात. सहलीच्या दिवशी हा लपवाछपवीचा खेळ अधिक रंगतो, कारण त्या दिवशी सर्वांना पुन्हा तरुण व्हायचे असते. त्या दिवशी दुखणे कमरेचे होते, म्हणून लेखाचा शेवट गोड होतो आहे. ते हृदयाचे असते तर रानातून डांबरापर्यंत यायला लागलेला तास फार लांब ठरला असता.

या अनुभवानंतर आम्ही जे बदल केले, ते कोणत्याही कुटुंबाला उपयोगी पडतील.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपली दुखणी व औषधे एका कागदावर लिहायची आणि तो कागद चालकाने वाचायचा. तोंडाने सांगायला लाजणारी माणसे कागदावर खरे लिहितात, हा माझा अनुभव आहे. हल्लीच हृदयाची किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेले, कण्याचे जुने दुखणे असलेले, हाडे ठिसूळ झालेले यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा वाटेला जाऊ नये. गर्भवतींनी तर जाऊच नये. त्यात कमीपणा नाही. त्यांनी डांबरी रस्त्याने येऊन जेवणाच्या ठिकाणी भेटावे. सहल तरीही सर्वांचीच होते.

आडव्या बाकावर माणूस बसवायचा नाही, तिथे सामान ठेवायचे आणि तेही दोरीने बांधून. प्रत्येकाने पुढे तोंड करून, पट्टा लावूनच बसायचे. वेग ताशी दहा किलोमीटर असला तरी उतारावर कलंडणारी गाडी पट्टा नसलेल्या माणसाला बाहेर फेकते. मागच्या फळीवर उभे राहून कोणी जायचे नाही, मुलांनी तर मुळीच नाही. ज्याची पाठ नाजूक, त्याला पुढची बैठक. हा मान वयाचा किंवा नात्याचा नाही, पाठीचा आहे.

कच्च्या वाटेला लागताना चाकांतली हवा थोडी कमी केली की टायर दगडाला आलिंगन देतो आणि बरेच धक्के स्वतः गिळतो. किती कमी करायची, ते गाडीच्या आणि टायरच्या जातीवर ठरते, म्हणून जाणकाराला विचारावे. परतताना डांबर लागण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. दोन गाड्यांत धूळ खाली बसेल इतके अंतर ठेवावे. दम्याच्या रुग्णाला धक्क्यांहून धूळ अधिक छळते. अडकलेली गाडी दोराने ओढताना बाकी सर्वांनी दोराच्या लांबीहून अधिक दूर उभे राहावे, कारण ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो आणि जीव घेऊ शकतो.

दर पाऊण तासाला थांबायचे, कोणी मागितले नाही तरीही. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी आठवणीने प्यावे. ‘वाटेत अडचण नको’ म्हणून अनेक बायका पाणीच पीत नाहीत. त्यांच्यासाठी थांबण्याची योग्य जागा आधी ठरवून ठेवणे हे चालकाचे काम आहे. उतरल्यावर झुडपांत पाय टाकताना बूट व लांब पायघोळ कपडे असावेत. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला थेट प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपण ज्या वाटेने जाणार तिच्यापासून असे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे निघण्यापूर्वी ठाऊक असावे.

आणि सर्वांत महत्त्वाचा, तो राहून गेलेला तिसरा नियम. गाडी कोठे थांबेल हे चालक ठरवत नाही, मागच्या बाकावरचा माणूस ठरवतो. त्याने ‘थांब’ म्हटले की थांबायचे. कारण विचारायचे नाही, हसायचे नाही, ‘थोडंच राहिलंय’ असे म्हणायचे नाही.

हे लिहिताना मला तामशाच्या रस्त्यावर रोज भेटणारी माणसे आठवतात. आमच्यासाठी जो वर्षातून एका दिवसाचा छंद आहे, तो ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणाचा रोजचा धंदा आहे. पेरणीच्या आणि ऊसवाहतुकीच्या दिवसांत तो दहा-बारा तास लोखंडी बैठकीवर धक्के खात असतो. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांच्या अंगावर बसणाऱ्या कंपनांना कायद्याने मर्यादा घातली. आठ तासांच्या दिवसाला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे प्रमाण ओलांडले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर कोणालाही राबवायचे नाही. आपल्या शिवारात हे मोजायला कोणी येत नाही. निदान बैठकीवर जाड गादी घालणे, बैठकीखालची स्प्रिंग बदलून घेणे, तासातासाला उतरून चार पावले टाकणे आणि पंचविशीत कंबर धरली तर ‘चालायचंच’ न म्हणता दाखवून घेणे, एवढे तरी व्हावे. ट्रॅक्टरच्या चाकावरील मडगार्डवर बसून रानात जाणाऱ्या बाया आणि शाळकरी मुले यांच्याविषयी तर काय बोलावे? मागच्या बाकाएवढीही जागा त्यांच्या वाट्याला येत नाही.

करीच्या दिवशी तामशाला बारालिंग देवस्थानात भाजी-भाकरीची पंगत बसते. गावोगावच्या घरांतून आलेल्या भाकरी आणि नाना भाज्यांची एक केलेली भाजी, एवढाच बेत, पण हजारो माणसे जेवतात. पंगतीचा आपल्याकडचा जुना रिवाज असा, की शेवटच्या पानावर वाढून झाल्याखेरीज पहिल्या पानावरचा माणूस घास उचलत नाही. हे आपण जेवताना पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो आणि गाडीत बसताना विसरलो.

यंदा पुन्हा तीच वाट धरली. गुरुजी निम्म्या वाटेपर्यंत डांबरी रस्त्याने आला आणि सोप्या टप्प्यावर पुढच्या बैठकीत बसला. मी मागे बसलो, कारण ते मला कळायला हवे होते. अर्ध्या तासात माझी कंबर बोलू लागली. मी पाच मिनिटे गप्प राहिलो. डॉक्टर असूनही, एवढे सगळे ठाऊक असूनही, ‘थांब’ हा शब्द घशात अडकला होता. मग तो उच्चारला. गाडी थांबली. कोणी काही विचारले नाही. आम्ही पाचही जण उतरलो आणि पळसाच्या झाडांमधून जीपच्या पुढे बरेच अंतर पायी चालत गेलो.